भिंतीतील तारेचे वय : सावनेरच्या जुन्या घरातील एक न वाचलेला दस्तऐवज (धागा)

१/१३
सावनेरात जुने घर विकत घेणारा मनुष्य आखीव पत्रिका पाहतो, फेरफार पाहतो, घरटॅक्सच्या पावत्या तपासतो. त्या घराचा आणखी एक दस्तऐवज असतो, पण तो कोणत्याही कचेरीत मिळत नाही, कारण तो भिंतीच्या आत असतो. तो म्हणजे घराचे वायरिंग. तो वाचण्याची जबाबदारी खरेदीदारावरच का येते, हे समजून घेण्यासाठी १८८२ सालापर्यंत मागे जावे लागेल.

२/१३
२१ जून १८८२. लंडनमधील तारायंत्र व वीज अभियंत्यांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्याचे नियम प्रसिद्ध केले. वायरिंगची नियमावली अशी आगीच्या भयातून जन्मली. त्याच वर्षी मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. सावनेर त्या वेळी मध्य प्रांतातील नागपूर जिल्ह्यात होते.

३/१३
त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, १ जुलै १८८२ रोजी, हिंदुस्थानात मालमत्ता हस्तांतरण कायदा अमलात आला. गंमत अशी की मुंबई इलाखा आरंभी या कायद्यातून वगळलेला होता. तेथे तो १८९३ मध्ये लागू झाला. मध्य प्रांताला मात्र तो पहिल्यापासून लागू होता. म्हणजे घरविक्रीचा हा कायदा मुंबईच्या दहा वर्षे आधी सावनेरला पोहोचला होता.

४/१३
या कायद्याचे कलम ५५ आजही जिवंत आहे. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर सामान्य काळजी घेऊनही खरेदीदाराला न दिसणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे, असे ते म्हणते. पण त्यात एक अट आहे : तो दोष विक्रेत्याला ठाऊक असला पाहिजे. आपल्या भिंतीतील तार कुजली आहे हे मालकालाच माहीत नसेल, तर तो सांगणार काय? सगळी मेख येथे आहे.

५/१३
विजेचा स्वतंत्र कायदा १९०३ मध्ये आला, त्याची जागा १९१० च्या कायद्याने घेतली आणि त्याखाली १९५६ चे भारतीय वीज नियम झाले. त्यांनी घराच्या आतील वायरिंग सुरक्षित ठेवण्याचा भार ग्राहकावर टाकला. जोडणीपूर्वी चाचणी आवश्यक ठरली. जोडलेल्या वायरिंगची फेरतपासणी जास्तीत जास्त ५ वर्षांच्या अंतराने व्हावी, असेही नियमांत होते. आपल्या घरी अशी फेरतपासणी शेवटची कधी झाली, हे वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे.

६/१३
ते १९५६ साल या भागासाठीही उलथापालथीचे होते. १ नोव्हेंबर रोजी नागपूर जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले. २००५ मध्ये त्याचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण या कंपन्या झाल्या. लाइट बिलावरचे नाव बदलत गेले, भिंतीतील तार तीच राहिली.

७/१३
सावनेर तालुक्याला विजेचे अप्रूप नाही. खापरखेडा याच तालुक्यात आहे. तेथील औष्णिक केंद्राची क्षमता आज १,३४० मेगावॅट आहे : २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा एक. पण केंद्र कितीही मोठे असले, तरी घराची सुरक्षितता ठरते ती मीटरच्या पलीकडच्या शेवटच्या काही मीटर तारेवर.

८/१३
ही तार आपले वय सांगते. लाकडी पट्टीवर किंवा लाकडी केसिंगमध्ये बसवलेली, रबराचे आवरण आणि त्यावर सुती विणकाम असलेली तार दिसली, तर ती प्लॅस्टिकपूर्व काळातील समजावी. वर्षे उलटली की रबर कडक होते, तडकते, हात लावताच भुगा होऊन गळते. पीव्हीसीचे आवरण नंतरच्या पिढीचे.

९/१३
मग ॲल्युमिनियमचा काळ आला. तांबे आयात करावे लागे, म्हणून स्वस्त ॲल्युमिनियमची तार घरोघर गेली. हा धातू तापला की तांब्यापेक्षा अधिक प्रसरण पावतो, स्क्रूखाली दबत जातो आणि हवेशी संयोग होऊन त्यावर वीज अडवणारा थर चढतो. सांधे सैल पडतात आणि तापतात. अमेरिकेतही १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील घरांनी हाच धडा शिकवला.

१०/१३
ज्या घराचे वायरिंग चार दिवे आणि दोन पंखे गृहीत धरून झाले, त्यावर आज गीझर, फ्रिज, पाण्याची मोटर आणि एसी चालतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून किटकॅटमध्ये जाड तार घातली जाते. फ्यूज उडणे बंद होते. पण आता वितळण्याची पाळी भिंतीतील तारेवर येते.

११/१३
विदर्भात यात कूलरची भर पडते. पत्र्याची टाकी, आत पाणी, पंप आणि ओले हात. अर्थिंग निकामी असेल, तर गळती झालेली वीज माणसाच्या शरीरातून जमिनीत जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत अलीकडे दरवर्षी विजेच्या धक्क्याने झालेले १० हजारांहून अधिक मृत्यू नोंदले जातात.

१२/१३
फ्रान्सने १ जानेवारी २००९ पासून नियम केला : घराचे वायरिंग १५ वर्षांहून जुने असेल, तर विक्रेत्यानेच तपासणी अहवाल द्यायचा. आपल्याकडे खरेदीखताच्या नोंदणीसाठी असा अहवाल लागत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आतील बांधकामदोषांची जबाबदारी बिल्डरवर आहे, पण जुन्या घराच्या मालकाला तो लागू नाही. म्हणून खरेदीदाराने स्वतःच तपासणी मागायची.

१३/१३
इसार देण्यापूर्वी परवानाधारक विद्युत ठेकेदाराला घर दाखवावे. त्याने मेगरने ५०० व्होल्टवर तारेचा इन्सुलेशन रोध मोजावा; जुन्या नियमांनी किमान १ मेगओहम मागितला होता. अर्थिंगचा रोध, मेन स्विच, एमसीबी, गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी आणि तारांची जाडी पाहावी. निष्कर्ष लेखी घ्यावा आणि विक्रेत्यालाही द्यावा. दोष त्याला कळला, की कलम ५५ मधील ‘मला ठाऊक नव्हते’ ही पळवाट बुजते. मग दुरुस्तीचा खर्च किमतीतून वळता करण्याची बोलणी कागद हातात घेऊन करता येते. १८८२ मधील ते दोन कागद, आगीचे नियम आणि घरविक्रीचा कायदा, सावनेरच्या जुन्या घरात असे एकत्र येतात.