तिशीनंतरची तालीम

उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत ‘तालीम’ म्हणजे लाल मातीचा आखाडा. शब्द एकच, अरबीतून आलेला. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला यात काही वेगळं वाटत नाही, कारण तालमीत जाणं म्हणजेही शिकायलाच जाणं. पण तालमीत पोरं लहानपणी जातात. तिशी उलटलेला, लेकुरवाळा माणूस पहिल्यांदा वस्तादापुढे उभा राहिला तर गल्ली हसते. जुम्म्याच्या बयानात आपण ऐकतो की, इल्म पाळण्यापासून कबरीपर्यंत घ्यायचं असतं. प्रत्यक्षात चाळिशीतल्या माणसानं नवं काही शिकायला घेतलं, की आपणच त्याला ‘या वयात?’ म्हणून विचारतो.

असा उशिरा तालमीत गेलेला एक माणूस म्हणजे नेल्सन मंडेला. त्यांचा तुरुंगवास, त्यांचं राष्ट्राध्यक्षपद सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या बॉक्सिंगविषयी मात्र आपल्याकडे कमी लिहिलं गेलं.

मंडेलांचा जन्म १९१८चा. फोर्ट हेअरच्या कॉलेजात त्यांनी थोडंफार बॉक्सिंग केलं होतं, पण ते विद्यार्थ्याचं हौसेचं खेळणं होतं. रीतसर शिकायला सुरुवात केली ती १९५०च्या सुमारास, जोहान्सबर्गजवळच्या ऑर्लँडो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. संसार होता, मुलं होती, वकिलीचा अभ्यास आणि राजकारण होतं. १९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली होती. कुणी कुठं राहायचं, कोणत्या वंशाचा म्हणून नोंदलं जायचं, हे ठरवणारे कायदे १९५०मध्ये आले.

वस्तीतल्या डोनल्डसन ऑर्लँडो कम्युनिटी सेंटरमध्ये व्यायामशाळा होती. तिथं धड रिंगही नव्हती. जमीन सिमेंटची, त्यामुळे ठोसा खाऊन पडणाऱ्याला दुखापतीची भीती. ठोसे मारायची एकच बॅग, ग्लोव्हजच्या थोड्या जोड्या आणि डोक्याला संरक्षण जवळपास कुणाकडेच नाही. अशा जागेतून चांगले मुष्टियोद्धे घडत होते. त्याच काळातल्या जेक टुलीनं १९५२मध्ये इंग्लंडमध्ये जाऊन ब्रिटिश साम्राज्याचा फ्लायवेट किताब जिंकला. स्वतःच्या देशात मात्र त्याला गोऱ्या खेळाडूशी लढायची मुभा नव्हती.

मंडेला हेवीवेट गटातले. आपण फार मोठे बॉक्सर नव्हतो, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. चपळाई कमी, आणि ती कसर भरून काढेल एवढी ताकदही नाही. त्यांना मारामारीपेक्षा त्यातलं शास्त्र आवडायचं. अंग कसं वाचवायचं, कधी पुढे व्हायचं, कधी मागे, दम कसा पुरवायचा. सोमवार ते गुरुवार, संध्याकाळी दीड तास. धावणं, दोरीवरच्या उड्या, व्यायाम, मग सराव.

याच काळात त्यांचे दिवस कसे होते, ते पाहायला हवं. २६ जून १९५२ला अन्यायकारक कायदे मोडण्याची चळवळ सुरू झाली. आठ हजारांहून जास्त लोक तुरुंगात गेले. मंडेला स्वयंसेवकांचे प्रमुख होते आणि त्यांचे उपप्रमुख होते मौलवी इस्माईल कचालिया. देवबंदला शिकून आलेले हे मौलवी म्हणजे गांधीजींचे ट्रान्सवालमधले सहकारी अहमद मुहम्मद कचालिया यांचे चिरंजीव. दाढीवाला आलिम आणि थेम्बू राजघराण्याशी नातं असलेला वकील एकाच फळीत उभे होते, ही आठवण आपण जपायला हवी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंडेला आणि ऑलिव्हर टाम्बो यांनी वकिलीचं ऑफिस उघडलं. दिवसभर कोर्ट, पक्षकार, पोलिसांचा ससेमिरा, आणि संध्याकाळी व्यायामशाळा. तिथं घाम गाळला की डोक्यावरचा भार उतरायचा आणि सकाळी ते ताजेतवाने उठायचे.

व्यायामशाळेत ते एकटे जात नसत. थोरला मुलगा थेम्बी सोबत असायचा. तेव्हा तो दहा वर्षांच्या आसपासचा. तिथं एक छान पद्धत होती. रोज वेगवेगळ्या माणसानं सराव घ्यायचा, म्हणजे प्रत्येकाला जबाबदारीची सवय लागते. थेम्बीची पाळी आली की बापाची खैर नसायची. जरा ढिलाई झाली की पोरगा सगळ्यांसमोर बापाला झापायचा. बाकीचे मंडेलांना आदरानं ‘चीफ’ म्हणत. थेम्बी ते टाळून मुद्दाम ‘मिस्टर मंडेला’ म्हणायचा. हजारो माणसांचा पुढारी मुलाचा हुकूम ऐकून निमूटपणे उड्या मारायचा.

मला या सगळ्या कहाणीत हे चित्र सगळ्यात मोलाचं वाटतं. उशिरा शिकायचं म्हणजे आधी हे पचवावं लागतं. आपल्यापेक्षा लहान माणूस आपल्याला शिकवणार आणि आपण चुकणार, तेही चारचौघांत. आपल्याकडचे बरेच बाप इथंच अडतात.

पुढचं फार कठीण आहे. पहिला संसार मोडला, १९५८मध्ये घटस्फोट झाला. मुलगा आईच्या बाजूनं राहिला. १९६२मध्ये मंडेलांना अटक झाली, १२ जून १९६४ला जन्मठेप. त्याच खटल्यात अहमद कथराडा हेही होते. थेम्बी मोठा झाला, पण बापाला भेटायला तो रॉबेन बेटावर कधी आला नाही. जुलै १९६९मध्ये मोटार अपघातात तो गेला. आदल्याच वर्षी आई वारली होती. तिच्या अंत्यविधीला जायची परवानगी मिळाली नव्हती, मुलाच्याही मिळाली नाही. त्या दिवशी वॉल्टर सिसुलू कोठडीत आले आणि काही न बोलता मंडेलांचा हात धरून बसले.

त्या कोठडीत मंडेलांनी एक गोष्ट चालूच ठेवली होती. जागच्या जागी ४५ मिनिटं धावणं, बोटांवर १०० जोर, २०० उठाबशांसारखे पोटाचे व्यायाम. सोमवार ते गुरुवार, मग तीन दिवस विश्रांती. हे वेळापत्रक ऑर्लँडोच्या व्यायामशाळेतलंच होतं. १९८२मध्ये पोल्समूरच्या तुरुंगात हलवल्यावर तिथं एकाच खोलीत राहणारे सोबती त्यांच्या पहाटेच्या धावण्यानं वैतागायचे. ११ फेब्रुवारी १९९०ला ७१ वर्षांचा हा माणूस ताठ चालत बाहेर आला.

उशिरा शिकलेल्या विद्येतून त्यांना पदक मिळालं नाही. पण सरकारनं घर, वकिली, माणसं, सगळं काढून घेतलं, तेव्हा अंगात मुरलेली ती शिस्त कुठल्याच जेलरला काढून घेता आली नाही. आणि त्या शिस्तीत कुठंतरी ‘मिस्टर मंडेला’ म्हणून ओरडणारा एक पोरगाही असणार.

आपल्या मोहल्ल्यातला कुणी चाळिशीतला बाप उद्या पोराचा हात धरून तालमीत गेला, तर हसू नका. जमलंच तर सोबत जा, आणि एखाद्या दिवशी सराव पोराला घेऊ द्या.