परिषदेला गेलेला माणूस काय घेऊन येतो?

दरवर्षी शिक्षण परिषदेचे निमंत्रण येते. पत्रिका शाळेच्या फलकावर लागते, कार्यकारिणीची बैठक भरते आणि चर्चा सुरू होते ती कोण जाणार, खर्च कोठून करायचा आणि मुक्काम कोठे करायचा याची. चार दिवसांनी मंडळी परत येतात. गावातला एखादा वडीलधारा चहाच्या टपरीवर सहज विचारतो, "मास्तर, काय आणलेत?" या साध्या प्रश्नाला आपल्याजवळ पुष्कळदा उत्तर नसते. छातीवर लावलेला बिल्ला, कापडी पिशवी आणि छापील भाषणे एवढेच हाती असते.

हा प्रश्न मात्र आजचा नाही. आपल्या समाजाच्या शिक्षण परिषदांना आता एकशे तीसहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात परिषदेला कसे जावे आणि तेथून काय आणावे, याचे धडे जागोजाग सापडतात. पालकांनी व विद्यार्थ्यांनी ते समजून घ्यावेत, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहे.

सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलीगढ येथे शाळा काढली व १८७७ साली तिचे कॉलेज झाले. पण एका कॉलेजने साऱ्या हिंदुस्थानातील मुसलमानांचे शिक्षण होणार नाही, हे त्यांनी लवकरच ओळखले. ठिकठिकाणच्या माणसांनी वर्षातून एकदा एकत्र बसावे, आपापल्या गावातील शाळांची हकीकत सांगावी आणि उपाय योजावेत, या कल्पनेतून २७ डिसेंबर १८८६ रोजी अलीगढला पहिली बैठक भरली. मौलवी समीउल्ला खान तिचे अध्यक्ष होते. आरंभी या संस्थेच्या नावात 'काँग्रेस' हा शब्द होता. राष्ट्रीय सभेशी घोटाळा होऊ नये म्हणून १८९० साली तो बदलून 'कॉन्फरन्स' करण्यात आला.

बैठका बहुधा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरत. नाताळात कचेऱ्या, कोर्टे आणि शाळा बंद असल्यामुळे वकील, शिक्षक, कारकून यांना रजा न काढता येता येई. परिषदेची तारीख ठरवताना येणाऱ्याच्या पोटापाण्याचा विचार करावा, हा पहिला धडा येथे मिळतो. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत सभा ठेवून "पालक येत नाहीत" अशी तक्रार करणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

सर सय्यद १८९८ साली निधन पावले. त्यांच्यानंतर ज्यांनी ही परिषद दूरदूरच्या प्रांतांत नेली, त्यांत नवाब मोहसिन-उल-मुल्क यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. हे गृहस्थ निझामाच्या हैदराबाद राज्यात अनेक वर्षे मोठ्या हुद्द्यावर होते. दक्षिणेतला मुसलमान अलीगढला येऊ शकत नसेल तर परिषदेने दक्षिणेत गेले पाहिजे, हे या काळात घडून आले. १९०१ साली मद्रासला व १९०३ साली मुंबईला अधिवेशन झाले. मुंबईचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्यांपैकी ते एक. परिषद आपल्या दाराशी येते तेव्हा खर्चाची अर्धी अडचण आपोआप दूर होते, हा दुसरा धडा होय.

आपल्या बाजूला सर्वांत जवळ आलेले अधिवेशन म्हणजे १९१० सालचे नागपूरचे. अब्दुल्ला युसुफ अली हे त्याचे अध्यक्ष होते. पुढे कुराण शरीफच्या इंग्रजी भाषांतरामुळे त्यांचे नाव जगभर झाले. आजच्या जिवतीच्या डोंगरावरून त्या काळी नागपूरला जायचे म्हणजे काय करावे लागे, याचा विद्यार्थ्यांनी नकाशा समोर ठेवून विचार करावा. जिवती, माणिकगडाचा डोंगर आणि सारा जुना राजुरा तालुका तेव्हा निझामाच्या राज्यात होता. वर्धा नदी ओलांडली की इंग्रजांच्या मध्य प्रांताचा चांदा जिल्हा लागे. म्हणजे परिषदेला जाणारा माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. त्याच्या कनवटीचे नाणे हाली शिक्क्याचे, तर आगगाडीचे तिकीट मिळे कलदार रुपयाने. तेव्हा आधी नाणे बदलायचे, मग जंगलातली बैलगाडीची वाट धरायची, नदी पार करायची आणि वर्ध्यामार्गे नागपूर असा आगगाडीचा प्रवास करायचा. वरोऱ्याची रेल्वे कोळशासाठी एकोणिसाव्या शतकातच आली होती. बल्लारशाह ते काझीपेठ हा लोहमार्ग १९२९ साली पुरा झाला, तेव्हा कोठे उत्तर व दक्षिण या दोन्ही दिशा आपल्याला सरळ मोकळ्या झाल्या. इतका खटाटोप करून माणसे सभांना जात, ती केवळ भाषणे ऐकण्यासाठी खचितच नव्हे.

मग त्या परिषदांतून समाजाच्या पदरात काय पडले? खरे बोलायचे तर पुष्कळ ठराव कागदावरच राहिले. जे फळाला आले, त्यांच्यामागे घरी परतल्यावर काम अंगावर घेणारा कोणी ना कोणी होता.

पहिले उदाहरण मुलींच्या शिक्षणाचे. १८९६ साली परिषदेने स्त्रीशिक्षणाचा स्वतंत्र विभाग निर्माण केला. विभाग झाला तरी शाळा झाली नाही. १९०२ साली शेख अब्दुल्ला हे वकील त्या विभागाचे चिटणीस झाले. त्यांनी व त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०४ साली 'खातून' हे मासिक सुरू केले, घरोघर जाऊन पालकांची समजूत घातली आणि १९०६ साली अलीगढला मुलींची शाळा उघडली. १९१४ साली तिला वसतिगृह मिळाले. ठरावापासून शाळेपर्यंत दहा वर्षे लागली आणि वसतिगृहापर्यंत अठरा.

दुसरे उदाहरण आपल्या मराठवाड्याशी निगडित आहे. १९०३ च्या आरंभी दिल्लीच्या अधिवेशनात परिषदेचा एक विभाग म्हणून अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू स्थापन झाली. शिब्ली नोमानी तिचे पहिले चिटणीस. १९१२ साली ही जबाबदारी मौलवी अब्दुल हक यांच्याकडे आली. ते औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे शिक्षण खात्यात होते, म्हणून अंजुमनचे कार्यालयही तेथेच आले. दिल्लीत ठरलेले काम औरंगाबादच्या एका कचेरीतून वर्षानुवर्षे चालले, ग्रंथ निघाले, १९२१ पासून 'उर्दू' नावाचे त्रैमासिक निघाले. मोठे काम मोठ्या शहरातच होते, हा समज यावरून चुकीचा ठरतो.

तिसरे उदाहरण परिषदेबाहेरचे, पण तितकेच बोलके आहे. ज्या १९०६ साली अलीगढची मुलींची शाळा निघाली, त्याच साली कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मुसलमानांच्या शिक्षणासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले आणि मुस्लिम बोर्डिंगची व्यवस्था लावली. खेड्यातला मुलगा हुशार असूनही शहरात राहायला जागा नाही म्हणून मागे पडतो, हे महाराजांनी जाणले. जिवती तालुक्यातल्या पालकांना हे दुःख निराळे सांगायला नको. दहावीनंतर मुलीला राजुरा, चंद्रपूर किंवा नागपूरला ठेवायचे तर कोठे, या एका प्रश्नावर आजही किती मुलींचे शिक्षण थांबते!

यानंतरच्या काळात आपल्या प्रदेशाचे चित्र पार बदलले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्याच्या नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्याला जोडला गेला. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास मराठवाड्यातून अनेक कुटुंबे पोट भरण्यासाठी या डोंगरावर आली. आज आपल्या मुलांच्या घरात दखनी, शाळेत मराठी वा उर्दू, बाजारात तेलुगू आणि शेजारी गोंडी व कोलामी ऐकू येते. परिषदेच्या व्यासपीठावरची भाषा पुष्कळदा आपल्या पालकाला अवघड जाते. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांनाही ही उणीव जाणवली आणि प्रा. फकरुद्दीन बेन्नूर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आपल्या प्रतिनिधीनेही परिषदेत मराठीतून उभे राहून बोलण्यास मुळीच संकोचू नये. प्रश्न आपला आहे, तो आपल्या भाषेत मांडावा.

या सर्व इतिहासाचा व्यवहारात उपयोग असा करता येईल.

जाण्यापूर्वी एक सभा घ्यावी. पालकांकडून प्रश्न लिहून घ्यावेत व त्यांतले तीनच निवडावेत. दहा प्रश्न नेणारा माणूस एकाचेही उत्तर आणत नाही. शाळेचा पट, मध्येच शाळा सोडलेल्या मुलामुलींची संख्या आणि आपल्या अर्जांच्या नकला सोबत ठेवाव्यात. प्रतिनिधी दोन असावेत व त्यांत एक माता किंवा शिक्षिका असावी. तिच्या मुक्कामाची सोय निमंत्रकांना आधी पत्र लिहून पक्की करावी.

प्रवासाचे पाहावे. जिवतीहून गडचांदूर, राजुरा व तेथून बल्लारशाह असे एस.टी.ने जाऊन पुढे रेल्वे धरणे हा नेहमीचा रस्ता. पावसाळ्यात वर्धेला पूर आला की राजुरा-बल्लारपूर पुलावरची वाहतूक बंद पडते, म्हणून त्या दिवसांत एक दिवस हाताशी ठेवून निघावे. खर्चाची पावती जपावी. तो पैसा वर्गणीचा आहे, म्हणजेच अमानत आहे.

परिषदेत पोहोचल्यावर उद्‌घाटनाच्या सोहळ्यापेक्षा लहान बैठकांना अधिक वेळ द्यावा. नियम बदलले असतील ते विचारून लिहून घ्यावेत. एकच उदाहरण देतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची केंद्र सरकारची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पूर्वी पहिलीपासून दहावीपर्यंत होती. २०२२-२३ पासून ती पहिली ते आठवीसाठी बंद झाली व नववी-दहावीपुरतीच ठेवण्यात आली. ज्या गावात ही बातमी वेळेवर पोहोचली नसेल, तेथल्या मजुराने उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला घातलेल्या खेपा आणि बुडालेली रोजी कोण भरून देणार? अशी एक बातमी वेळेवर आणणारा प्रतिनिधी दहा भाषणे ऐकून येणाऱ्यापेक्षा मोलाचा.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत सर्वांसमोर हिशेब द्यावा. कोणाला भेटलो, तीन प्रश्नांना काय उत्तर मिळाले, कोणता अर्ज कोठे व कधीपर्यंत द्यायचा आणि त्यातले कोणते काम मी स्वतः करणार, हे सांगावे. यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. शेख अब्दुल्ला आणि वहीद जहाँ बेगम यांनी ते वाक्य उच्चारले म्हणून शाळा झाली, एरवी १८९६ चा तो विभाग कागदावरच राहिला असता.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या आपला प्रतिनिधी म्हणून जाईल. हाली शिक्का बदलून, नदी ओलांडून जाण्याचे दिवस आता गेले. वाट सोपी झाली, म्हणून जबाबदारी मात्र हलकी झालेली नाही. परतल्यावर टपरीवरच्या त्या वडीलधाऱ्याने "काय आणलेस बाळा?" असे विचारले, तर त्याच्या नातीसाठी वसतिगृहाचा एक अर्ज तुमच्या पिशवीतून निघावा, एवढीच अपेक्षा.