लाँगबो कशाला म्हणायचं? एका व्याख्येची गोष्ट

संशोधनाचा आराखडा लिहिताना 'कार्यकारी व्याख्या' हा शब्द तुम्हाला भेटणारच. तो समजून घ्यायला आज इंग्लंडच्या धनुष्याचं उदाहरण घेऊ.

1951 साली स्थापन झालेल्या ब्रिटिश लाँगबो सोसायटीचा एक नियम बघा. धनुष्याच्या पात्याची जाडी रुंदीच्या किमान 5/8 हवी. म्हणजे पातं 32 मिमी रुंद असेल, तर जाडी 20 मिमीच्या खाली चालणार नाही. कॅलिपर लावला की निकाल हातात, वाद नाही.

पण या नियमामुळे बाहेर कोण राहतं? चपटं धनुष्य. 1930च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने धनुष्याची यांत्रिकी तपासली, आणि चपट्या, रुंद पात्याची धनुष्यं पुढे आली. कारण सोपं आहे. पात्याचा ताठरपणा रुंदीच्या पटीत आणि जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो. पण तेवढंच वाकवलं तर जाड लाकडाच्या पृष्ठभागावर ताण जास्त येतो. म्हणून तेवढ्याच ताठरपणासाठी पातळ पण रुंद पातं लाकडाला सोसवतं. थोडक्यात, 5/8चा नियम चांगलं धनुष्य निवडत नाही. तो एक परंपरागत आकार जपतो. स्पर्धेसाठी ते योग्यच आहे.

'वॉर बो'चं तसं नाही. इथे मुख्य प्रश्न ओढीचा, म्हणजे दोरी खेचून धरायला किती बल लागतं याचा. तीही कुठवर खेचून मोजली हे सांगावं लागतं. 28 इंचांवरचा आकडा आणि 32 इंचांवरचा आकडा सरळ शेजारी ठेवता येत नाहीत.

आता इतिहासाकडे येऊ. 1545 मध्ये सोलेंट सामुद्रधुनीत बुडालेलं 'मेरी रोज' हे जहाज 1982 मध्ये वर काढलं. त्यातून दीडशेहून जास्त धनुष्यं मिळाली, बहुतेक साधारण 2 मीटर लांबीची. पात्यांचे छेद एकसारखे नाहीत. काही गोलसर, काही इंग्रजी डी अक्षरासारखे. चार शतकं पाण्यात राहिलेलं लाकूड मूळचा ताठरपणा दाखवत नाही. त्यामुळे मापांवरून गणित करून आणि प्रतिकृती बनवून ओढीचा अंदाज बांधला गेला: साधारण 100 ते 185 पौंड. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. उद्धृत करताना हा फरक गाळू नका.

आणि त्या काळचे लोक काय नोंदवत होते? 1546च्या 'अँथनी रोल' या नौदलाच्या यादीत मेरी रोजच्या नावावर 250 धनुष्यं आहेत, यू वृक्षाच्या लाकडाची. तिथे जाडी-रुंदीचं गुणोत्तर नाही, ओढही नाही. भांडार सांभाळणाऱ्याला नग किती आणि लाकूड कोणतं, एवढंच हवं होतं.

म्हणजे वस्तू एकच, पण पंचाचा प्रश्न वेगळा, आजच्या धनुर्धराचा वेगळा, भांडारपालाचा वेगळा. पंचाची फूटपट्टी घेऊन सोळाव्या शतकातलं धनुष्य 'खरं' की 'खोटं' ठरवायला गेलात, तर उत्तर धनुष्याबद्दल नाही, फूटपट्टीबद्दल मिळेल.

तेव्हा तुमच्या विषयातला कुठलाही वर्ग वापरण्याआधी वहीत तीन प्रश्न लिहा. हा वर्ग कोणी आणि कशासाठी केला? त्यातून कोण बाहेर पडतं? ज्यांचा अभ्यास करतोय, ते स्वतः असा भेद करत होते का? उत्तरं मिळाली की व्याख्येचा परिच्छेद लिहायला घ्या.