कुटकीची परीक्षा कोणत्या आजाराची?

मौद्याकडे कावीळ झाली की गावठी औषधाचा पत्ता सांगणारे दहा जण भेटतात. फॅटी लिव्हरला मात्र आजीच्या बोलीत शब्दच नाही. आता सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ते आमच्या वयाच्या, दिवसभर लॅपटॉपपुढे बसणाऱ्या पोरांच्याही नावापुढे दिसतं. मग फोनवर जाहिरात येते: कुटकी घ्या, लिव्हर साफ करा. काविळीचं औषध चरबीवर कसं आलं, हे मला शोधावंसं वाटलं.

ही कुटकी म्हणजे आपल्याकडे भातासारखं शिजवतात ते बारीक धान्य नव्हे. ही हिमालयात उंचावर उगवणारी वनस्पती, मुळं जहाल कडू. 'आरोग्यवर्धिनी'च्या गोळीत निम्मा भाग हिचाच.

1980 साली दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी सहकाऱ्यांसह 20 रुग्णांबद्दल लिहिलं. ते दारू पीत नव्हते, तरी यकृतात दारुड्यांसारखी चरबी आणि सूज होती. त्याच वर्षी मुंबईच्या अंतरकर, अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी आरोग्यवर्धिनीची काविळीवरची चाचणी प्रसिद्ध केली. चाचणी 'डबल ब्लाइंड' होती, म्हणजे गोळी खरी की खोटी हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही.

1996 मध्ये वैद्य आणि सहकाऱ्यांनी फक्त कुटकी तपासली. 15 रुग्णांना 375 मिलिग्रॅम चूर्ण दिवसातून तीनदा, दोन आठवडे; 18 जणांना खोटी गोळी. बिलिरुबिन सरासरी 2.5 पर्यंत उतरायला कुटकीवाल्यांना 27.4 दिवस लागले, इतरांना 75.9. त्याच निबंधात, विषारी द्रव्याने यकृत बिघडवलेल्या उंदरांच्या यकृतातली चरबीही कमी झाली होती.

पण नीट वाचा. माणसं काविळीची होती, चरबी उतरली ती उंदरांची. आमच्या धंद्यात एका मॉड्यूलची टेस्ट पास झाली म्हणून दुसरं मॉड्यूल कुणी लाइव्ह करत नाही.

त्या संशोधकांनी आणखी एक काम केलं होतं, जे जाहिराती करत नाहीत. प्रत्येक कॅप्सूलमध्ये कुटकीतलं मुख्य द्रव्य किती, हे त्यांनी मोजलं. हे का महत्त्वाचं, ते कोविडच्या काळात मुंबईतच दिसलं. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी केली. 2021 मध्ये ती प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने विचारलं, ती वनस्पती गुळवेलच होती कशावरून? प्रश्न रास्तच आहे. तो प्रत्येक बाटलीला विचारायला हवा.

फॅटी लिव्हरच्या सूज-व्रणांवर अमेरिकेत पहिलं औषध मंजूर झालं ते थेट मार्च 2024 मध्ये, रेस्मेटिरॉम. तोवरच्या रिकाम्या जागेत जाहिराती शिरल्या. वजन सात ते दहा टक्के उतरवलं तर यकृताची चरबी आणि सूज कमी होते, हे ठाऊक आहे. पण ते बाटलीत भरून विकता येत नाही.

कुटकी खोटी आहे असं मी म्हणत नाही. मुंबईच्या संशोधकांनी तिला मान दिला तो परीक्षेला बसवून. फॅटी लिव्हरसाठीही तिला तशीच, मोठी परीक्षा द्यावी लागेल. तोवर रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जा, आणि काही काढा-चूर्ण घेत असाल तर तेही त्यांना सांगा.