तंबू, छप्पर आणि पेटी: रत्नागिरीकडच्या टॉकीजची कुळकथा

सिनेमाचा इतिहास सांगताना रत्नागिरीचे नाव सहसा कोणी घेत नाही. घ्यायला हवे. रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे हे मालवणजवळच्या सुकळवाडचे, जन्म 1890 चा. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला 1981 साली. तोवर मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होते. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या या कोकणी तरुणाने ‘श्री पुंडलिक’ हे रंगभूमीवरचे नाटक कॅमेऱ्यासमोर उभे केले आणि 18 मे 1912 रोजी ते गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये पडद्यावर दाखवले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच कॉरोनेशनमध्ये लागला तो 3 मे 1913 ला. तोरण्यांचे चित्रण नाटकाचे होते, फिल्म धुवायला लंडनला गेली होती, म्हणून पहिलेपणाचा मान फाळक्यांकडे गेला आणि तो योग्यच आहे. पण पडद्यावर मराठी माणसाची गोष्ट दाखवून तिकीट लावता येते, हे आधी एका कोकण्याने करून दाखवले होते. पुढे याच तोरण्यांनी सिनेमाची यंत्रसामग्री आणून विकण्याचा धंदा केला, पुण्यात सरस्वती सिनेटोन काढली आणि 1932 मध्ये शाहू मोडकांना घेऊन ‘श्यामसुंदर’ हा बोलपट केला.

मुंबईत तयार झालेला सिनेमा गावोगाव गेला तो तंबूतून. फाळके स्वतः यंत्र घेऊन महाराष्ट्रात हिंडले. त्यांच्यामागून फिरत्या सिनेमाच्या कंपन्या निघाल्या. जत्रा गाठायची, माळावर कनाती ताणायच्या, मधोमध पडदा लावायचा, पुरुष एका अंगाला आणि बायका दुसऱ्या अंगाला बसवायच्या. जमीन हीच खुर्ची. पश्चिम महाराष्ट्रात हा धंदा रंगीत सिनेमाच्या काळातही जोरात चालला आणि त्याचे बहुतेक तंबू आपल्या डोळ्यांदेखत उठले.

कोकणात मात्र तंबूची एक अडचण होती. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मृग लागला की माळावरचा तंबू संपला. त्यातच पावसाळ्यात मुंबईची बोट बंद, म्हणजे रिळे यायचा सगळ्यात सोपा रस्ताही बंद. घाटावरच्या गावाला पक्के थिएटर ही चैन होती. कोकणातल्या गावाला बारमाही सिनेमा हवा असेल तर छपराखेरीज दुसरा उपाय नव्हता. कौलारू किंवा पत्र्याची, जाड जांभ्याच्या भिंतींची टॉकीज या भागात उभी राहण्याचे मुख्य कारण माझ्या मते हेच आहे. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की संवाद ऐकू येत नसत, तरी लोक बसून राहत.

या इमारतींचा तोंडवळा ठरवला तो आगीच्या भीतीने. सुरुवातीची फिल्म नायट्रेटची असे. ती पेटली की पाण्यानेही विझत नसे. म्हणून 1918 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने परवाना सक्तीचा केला आणि नियमांनी मशीनरूम प्रेक्षकांपासून तोडली. तिच्या भिंतीला लहान चौकोनी झरोके ठेवायचे, त्यांवर पाडता येणारी लोखंडी झडप. साधारण 1950 नंतर सहजी न पेटणारी फिल्म आली, पण झरोके तसेच राहिले. बंद पडलेली एखादी जुनी टॉकीज दिसली तर मागच्या भिंतीकडे पाहा. खुर्च्या गेल्या, पडदा गेला, गोदाम झाले, तरी ते दोन-चार चौकोन असतात आणि त्यांवरून इमारतीची ओळख पटते.

त्या झरोक्यांमागचे काम बाहेरच्या प्रेक्षकाला कधी दिसले नाही. दोन प्रोजेक्टर असत. प्रत्येकात तांब्याचा मुलामा दिलेल्या कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, त्यांच्या टोकांमध्ये विजेची ठिणगी पेटवायची आणि तिचाच उजेड पडद्यावर पाठवायचा. कांड्या जळत जात, अंतर वाढे, पडदा पिवळट पडे. मग ऑपरेटरने काळ्या काचेतून पाहत त्या पुन्हा जवळ आणायच्या. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपे, दोन हजारांचे बावीस मिनिटांत. संपत आले की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका येई: दुसरे मशीन सुरू करा. काही सेकंदांनी दुसरा ठिपका: बदला. तीन तासांच्या हिंदी सिनेमात हा खेळ आठ-दहा वेळा, दिवसाला तीन खेळ, आणि वर पत्र्याची उष्णता. ऑपरेटरची नजर चुकली की खाली शिट्ट्या आणि शिव्या. सगळे सुरळीत झाले तर तो तिथे आहे हेही कुणाच्या ध्यानात येत नसे. पडद्यावरची नावे आपण पाठ केली, त्याचे नाव मात्र विचारले नाही.

रत्नागिरीच्या बाबतीत दोन तारखा मला शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. 22 फेब्रुवारी 1931 ला भागोजीशेठ कीरांच्या पैशातून आणि स्थानबद्ध सावरकरांच्या प्रयत्नातून इथे पतितपावन मंदिर सर्व जातींना खुले झाले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 14 मार्चला, मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ बोलला आणि थिएटरची टॉकीज झाली. एकत्र देवदर्शन घ्यायला जिथे नवे देऊळ बांधावे लागले, तिथे तिकीटखिडकीने माणसांची वाटणी वेगळ्या हिशोबाने केली: ज्याच्याकडे जेवढे पैसे तेवढी त्याची जागा. ही समता नव्हे, हे मलाही कळते. बाल्कनी आणि पीट यांत अंतर होतेच. पण अंधार झाल्यावर शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे हे विचारायची सोय नव्हती, आणि गावाच्या आयुष्यात हे थोडेथोडके नव्हे.

शहरात राधाकृष्ण टॉकीजचे नाव घेतले की जुन्या रत्नागिरीकराला सिनेमांची नावे आपोआप आठवू लागतात. सिनेमा इथे उशिरा पोचे. प्रिंट मोजक्या, त्या आधी मुंबईच्या मोठ्या थिएटरांत चालायच्या, मग मध्यम शहरांत, आणि मग आपल्याकडे, रेघारेघांनी भरलेल्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या नाझ इमारतीत वितरकांची कचेरी, तिथून रिळांची पेटी एसटीवर चढायची. ‘पेटी आली का?’ हा गुरुवारचा प्रश्न. गणपतीला आलेला चाकरमानी गिरणगावात सिनेमा आधीच पाहून आलेला असे आणि घरच्यांना शेवट सांगून टाकी. तरी घरचे जात.

टीव्हीने टॉकीज मारली असे सरसकट म्हटले जाते. मला ते पटत नाही. ‘रामायण’ मालिका 1987-88 ची. त्यानंतर तीन वर्षांनी, 1991 मध्ये ‘माहेरची साडी’ आला आणि बायका गाड्या करून आल्या, पदर ओले करून गेल्या. घरात टीव्ही होता, तरीही आल्या. टीव्ही, व्हिडिओ आणि केबलने धंदा आजारी पाडला हे खरे. जीव घेतला तो दुसऱ्या गोष्टींनी. 2001 मध्ये राज्याने मल्टिप्लेक्सना सुरुवातीची वर्षे करमणूक करातून सूट दिली. एकपडदावाल्यांना तिकिटावरचा कर भरतच राहावा लागला. 2005 च्या सुमारास उपग्रहावरून सिनेमा पाठवणारी डिजिटल यंत्रणा आली. तिने छोट्या गावाला पहिल्याच शुक्रवारी सिनेमा दिला, हा तिचा उपकारच. पण पुढच्या दहाएक वर्षांत रिळाची प्रिंट निघणेच बंद झाले, आणि ज्याला नवे यंत्र, नवा ध्वनी, वातानुकूलन परवडले नाही त्याच्याकडे दाखवायला काही उरले नाही. मधल्या काळात भर बाजारातल्या जागेची किंमत वाढतच होती. मार्च 2020 च्या टाळेबंदीने उरलेल्यांपैकी अनेकांची दारे लावली. मालकांना मी दोष देणार नाही. रिकाम्या खुर्च्यांना रोज तीन खेळ कोण दाखवील?

दोष देतो तो आपल्या विसरभोळेपणाला. पुण्यात 1915 साली मंडईजवळ आर्यन सिनेमा सुरू झाला, शहरातले पहिले कायम थिएटर. आज आर्यन आणि मिनर्व्हा या थिएटरांची नावे तिथल्या वाहनतळांना आहेत. पुण्याने नावे तरी ठेवली. आपल्याकडे काय ठेवले? परवान्याच्या फायली, खेळांची रजिस्टरे, गाण्यांच्या चोपड्या, रिक्षातून उधळलेली गुलाबी-पिवळी हँडबिले, दुकानांच्या जाहिरातींच्या काचेच्या स्लाइड, हे सगळे माळ्यावर कसरीच्या तोंडी पडले आहे. ऑपरेटर, डोअरकीपर आणि बुकिंग क्लार्क यांची पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे.

रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय 1828 पासून उभे आहे. त्याने टॉकीजच्या कागदांसाठी एक कपाट द्यावे, ही माझी विनंती आहे. आणि वाचकहो, तुमच्या घरात एखादे जुने हँडबिल, तिकिटाचा अर्धा तुकडा किंवा बंद टॉकीजचा फोटो असेल तर तो रद्दीत घालू नका. त्यामागे गावाचे नाव आणि साल लिहा. शेजारी कुणी जुना ऑपरेटर राहत असेल तर याच आठवड्यात त्याच्याकडे जा आणि तो सांगेल ते उतरवून घ्या.