आत वळणारी पापणी : एका व्याधीचा नामेतिहास

मराठीतील ‘पापणी’ हा शब्द दोन वस्तूंना लावला जातो. डोळा झाकणारी त्वचेची घडी ती पापणी. आणि तिच्या कडेवरील केसांनाही आपण पापण्याच म्हणतो. संस्कृतात ही संदिग्धता नाही. तेथे झाकण ते ‘वर्त्म’ व केस ते ‘पक्ष्म’. हा भेद केवळ कोशकाराच्या कामाचा आहे असे समजून पुढे जाता येणार नाही. पापणीची कड आत वळून केस डोळ्याला घासू लागतात, त्या व्याधीत दोष केसाचा मानावयाचा की झाकणाचा, यावर उपचाराची दिशा ठरत आलेली आहे.

रोग्याला दिसतो तो केस. प्रत्येक उघडझापीबरोबर तो बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर, म्हणजे स्वच्छमंडलावर, घासतो; कुसळ गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते, उजेड सोसवत नाही. चिमट्याने केस उपटला की आराम पडतो. म्हणून केसालाच शत्रू मानणे स्वाभाविक होते. इ. स. पूर्व 1550 च्या सुमाराच्या, एबर्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इजिप्ती पपायरसात, उपटलेला केस पुन्हा उगवू नये म्हणून प्राण्यांच्या रक्ताचे लेप सांगितले आहेत. रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात केसांच्या मुळांशी तापलेली सुई नेण्याची कृती दिली. ग्रीक परंपरेतून आलेले ‘ट्रायकियासिस’ हे नावही केसावरूनच पडले आहे. ‘एन्ट्रोपियन’ हे मात्र वळण्याच्या क्रियेवरून.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे 76 रोग गणले असून त्यांपैकी 21 वर्त्माचे आहेत. त्यांतच ‘पक्ष्मकोप’ येतो. दोष पक्ष्मांच्या मुळाशी जाऊन केस तीक्ष्ण व खरखरीत करतात, त्यांनी घासलेला डोळा दुखतो, केस उपटले की शांतता मिळते, आणि रोग्याला वारा, ऊन व अग्नी नकोसे होतात, असे त्याचे वर्णन आहे. कोप केसांचा आहे, हे नावच सांगते. परंतु चिकित्सेच्या अध्यायात शस्त्र चालते ते झाकणाच्या त्वचेवर. रोग्याला बसवून, भुवईखालचे दोन भाग व पक्ष्मांलगतचा एक भाग सोडून, जवाच्या आकाराचा त्वचेचा तुकडा आडवा काढावा; जखम केसाने शिवावी; तूप व मध लावावा; आणि कपाळावर पट्टी बांधून टाके तिला जोडावेत. एवढ्याने न शमल्यास वर्त्म उलटून अग्नी किंवा क्षार वापरावा. केसाच्या नावाने ओळखलेल्या रोगावर झाकण वर ओढून घेण्याचा हा उपाय पाहिला, म्हणजे शस्त्र चालविणाऱ्याचा हात नाव ठेवणाऱ्याच्या पुढे गेला होता असे म्हणावे लागते.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात नावही बदलते. तेथे ‘पक्ष्मोपरोध’ म्हटले असून लक्षणांत पहिले स्थान वर्त्माच्या संकोचाला आहे. केसांचा खरखरीतपणा व अंतर्मुखता त्यानंतर येते. शिवाय मूळच्या केसांखेरीज दुसरेच केस उगवू शकतात, हा पर्यायही नोंदला आहे. केस उपटल्याने पडणारा आराम थोड्याच दिवसांचा असतो, ही वाग्भटाची पुस्ती मला विशेष मोलाची वाटते. ती निरीक्षणातूनच आलेली असणार. मात्र यावरून प्राचीनांना आजचे शास्त्र अवगत होते असा निष्कर्ष काढणे हा उत्साहाचा अतिरेक होय.

संकोचाचे एक मोठे कारण विसाव्या शतकात उलगडले. आपण जिला खुपऱ्या म्हणतो, त्या रोगात लहानपणी वारंवार झालेल्या संसर्गाने पापणीच्या आतील अस्तरावर वण पडतात. ते आकसत जातात आणि वरच्या पापणीची कड आत ओढली जाते. हालबरश्टेटर व प्रोवाझेक यांना 1907 मध्ये या रोगाच्या पेशींत विशिष्ट कण दिसले. त्यामागील जंतू वेगळा करण्याचे श्रेय चिनी संशोधक थांग फेफान यांच्याकडे जाते (1957). मुलांच्या सतत सान्निध्यात राहणाऱ्या स्त्रियांना हा संसर्ग अधिक होतो. म्हणून वळलेल्या पापणीचे दुःखही त्यांच्याच वाट्याला अधिक आले. वार्धक्यातील प्रकार निराळा. त्यात बहुधा खालची पापणी सैल पडून आत वळते. तेथे वणांचा संबंध नसतो. शस्त्रक्रिया होईपर्यंत ती पापणी चिकटपट्टीने गालाकडे ओढून ठेवणे व डोळ्यात स्निग्ध मलम घालणे एवढ्यानेही स्वच्छमंडलाचे रक्षण होते.

सुश्रुताने पक्ष्मकोपाला ‘याप्य’ म्हटले आहे. याप्य म्हणजे धड साध्य नव्हे, असाध्यही नव्हे. उपचार चालू असेतो आटोक्यात राहणारा. खुपऱ्यांमुळे वळलेल्या पापणीची आजची शस्त्रक्रिया तिच्या जाडीतून छेद घेऊन कड बाहेर फिरविते. तरीही काही रोग्यांत केस पुन्हा आत वळतात आणि डोळे वरचेवर तपासावे लागतात. उपटण्याचा तिरस्कारही करू नये. थोडेच केस वळलेल्या 1,300 रोग्यांवर इथिओपियात झालेल्या, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर केस पुन्हा वळण्याचे प्रमाण कमी आढळले. पण चांगल्या चिमट्याने शिकवून केलेल्या उपटणीने दृष्टीची हानी अधिक झाली असे दिसले नाही.

भारतात खुपऱ्यांविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम 1963 मध्ये सुरू झाला, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हा रोग देशातून दूर झाल्याचे मान्य केले. संसर्ग थांबला तरी जुने वण आकसण्याचे थांबत नाहीत. ज्या वृद्धा आज चिमटा जवळ बाळगतात, त्यांच्या डोळ्यांत तपासणीच्या दिवशी एकही केस वळलेला दिसणार नाही, कारण तो आदल्या दिवशीच उपटलेला असतो. म्हणूनच या संघटनेच्या व्याख्येत नुकत्याच उपटलेल्या केसांची खूणही रोगाचे लक्षण धरली आहे. ‘पापणी आत जाते का?’ असे विचारल्यास मराठी रोगी कोणती पापणी समजेल याचा भरवसा नाही. ‘पापणीचे केस उपटता का?’ हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो.