ज्वारीचे बारसे



आपल्याकडे मूल जन्मले की बाराव्या दिवशी नाव ठेवतात. ज्वारीच्या शास्त्रीय नावाचा घोळ मात्र दोनशे वर्षांहून अधिक काळ चालला.

स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली ज्वारीला 'होल्कस' या गवतांच्या गटात बसवले. १७९४ साली जर्मनीच्या मोंखने तिचे घराणे वेगळे केले, ते 'सॉर्घम'. १९३६ साली इंग्लंडमध्ये स्नोडेन यांनी लागवडीच्या ज्वारीच्या तब्बल ३१ प्रजाती मानल्या. पण या साऱ्यांचा एकमेकींशी सहज संकर होतो, मग त्या वेगळ्या कशा? म्हणून १९७२ साली अमेरिकेत हार्लन आणि डी वेट यांनी सोपी वाट काढली. लागवडीची सगळी ज्वारी एकच, आणि कणीस व दाणा पाहून तिचे पाच मुख्य वंश: बायकलर, गिनी, कॉडॅटम, काफिर आणि दुर्रा. आपली रब्बीची मालदांडी यांतल्या दुर्रा वंशाची.

त्याच १९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही संस्था निघाली. तिच्या बियाणे पेढीत आज ज्वारीचे ३५ हजारांहून जास्त नमुने आहेत. प्रत्येकाला 'आय. एस.' ही अक्षरे आणि एक क्रमांक असतो. शास्त्रीय नाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही.

पण नुसता क्रमांक चव सांगत नाही. 'गूळभेंडी' म्हटले की हुरडा आठवतो. मोहोळला १९३० च्या दशकात निवडलेल्या 'मालदांडी ३५-१' मध्येही गावचेच नाव टिकले.

माझीच चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका आजींनी मला हुरड्याच्या ज्वारीचे बी दिले. "साहेब, नाव लिहून घ्या," असे त्या म्हणाल्या. मी पुडीवर 'पांढरी ज्वारी' एवढेच खरडले. दोन वर्षांनी परत गेलो, तर आजी गेल्या होत्या आणि घरात ते बीही नव्हते. पुडी माझ्याकडे आहे, पण ती कशाची, हे सांगणारे आता कोणी नाही.

तेव्हा मंडळी, बी साठवताना किंवा कुणाला देताना पुडीवर चार गोष्टी लिहाच:

१. गावात चालणारे नाव
२. गाव व तालुका
३. जमीन व हंगाम
४. उपयोग: भाकरी, हुरडा, लाह्या की कडबा

२००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करता येते. तिथेही पहिला प्रश्न नावाचाच असतो.

आणि हो, शिसपेन्सिलीने लिहा. शाई ओल लागली की पुसते.